जागल्याची राखण कोण करणार?

कार्यालयातील गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठीचा कायदा अद्याप कागदावरच

जयसिंगपूर : गळीत हंगामाच्या तोंडावर दरवर्षी जयसिंगपुरात स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. दराच्या मागणीबरोबरच या व्यासपीठावरून वारंवार मांडला जाणारा दुसरा विषय म्हणजे वजनातील काटामारी. त्यानंतर प्रशासनाची भरारी पथके नेमली जातात, वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक काटे तपासतात, अहवाल होतात. आरोप कोठे खरे आणि कोठे खोटे, हा तपासाचा भाग आहे. मात्र जेथे अशी लबाडी होत असेल तेथे ती सर्वांत आधी कळते ती पथकाला नव्हे, शेतकऱ्यालाही नव्हे, तर काट्यावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला.

हीच गोष्ट अन्य ठिकाणचीही. पतसंस्थेतील बोगस कर्जप्रकरण प्रथम कारकुनाच्या हाताखालून जाते. रुग्णालयातील फुगवलेले बिल परिचारिकेला दिसते. शाळेच्या हजेरीपटावरील खोटी नावे शिक्षकाला ठाऊक असतात आणि कारखान्यातील तपासणीविना दिलेला दाखला गुणवत्ता विभागातल्या मुलाला. बाहेरच्या लेखापरीक्षकाला जे शोधायला वर्ष लागते, ते आतल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात समजलेले असते. तरीही तो बोलत नाही. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण नोकरी, घराचे हप्ते, मुलांची फी आणि गावातले संबंध यांचा हिशेब मांडला, तर त्याचे मौन हा बहुतेक वेळा व्यवहारी निर्णय असतो. बोलणाऱ्याला कायद्याने दिलेले संरक्षण प्रत्यक्षात किती तोकडे आहे, हे पाहिले म्हणजे या निर्णयाचे कारण उमगते.

गैरप्रकार उघड करणाऱ्या आतल्या माणसाला मराठीत ‘जागल्या’ हा शब्द रूढ झाला आहे. गाव झोपलेले असताना रात्रीची गस्त घालणारा आणि संकट दिसताच हाक देणारा तो जागल्या. त्याच्या हाकेवर गाव उठत असे, म्हणून त्याला अर्थ होता. आजच्या जागल्याची अडचण अशी की हाक दिल्यावर गाव उठेलच याची खात्री नाही, आणि हाक कोणी दिली हे मात्र सर्वांना कळते.

फुटलेले नाव

या प्रश्नाची देशव्यापी चर्चा सुरू झाली ती सत्येंद्र दुबे यांच्या मृत्यूने. कानपूरच्या आयआयटीतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेले दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात अधिकारी होते. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाच्या कामातील गैरव्यवहारांची माहिती त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र मात्र त्यांच्या नावानिशी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी बिहारमधील गया येथे त्यांचा गोळ्या घालून खून झाला.

केंद्रीय अन्वेषण विभागाने हा लुटीच्या प्रयत्नातून झालेला खून असल्याचे म्हटले आणि २०१० मध्ये तिघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. पत्राचा आणि खुनाचा संबंध न्यायालयात सिद्ध झाला नाही. पण देशाच्या सर्वोच्च कार्यालयाला लिहिलेल्या पत्रातील नावही गुप्त राहू शकत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले. दोनच वर्षांनी, १९ नोव्हेंबर २००५ रोजी, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला. भेसळीवरून त्यांनी एका पेट्रोल पंपावर कारवाई केली होती.

दुबे प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचे अधिकार दिले. तक्रार बंद पाकिटात पाठवावी, पाकिटावर स्वतःचे नाव लिहू नये, नाव आतल्या मजकुरात असावे, अशी त्याची पद्धत आहे. निनावी तक्रार घेतली जात नाही. म्हणजे जागल्याने नाव द्यायचेच आहे, ते उघड न करण्याची हमी तेवढी आयोग देतो. शिवाय ही व्यवस्था केंद्र सरकार आणि त्याच्या अखत्यारीतील बँका, कंपन्या व मंडळे यांच्यापुरती आहे. जयसिंगपूर नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला तिचा उपयोग नाही.

कायदा झाला, अंमल नाही

ठरावाने भागत नाही म्हणून संसदेने जागल्या संरक्षण कायदा केला. ९ मे २०१४ रोजी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यातील तरतुदी कागदावर तरी भक्कम आहेत. तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीनंतर कर्मचाऱ्याविरुद्ध कारवाई झाली, तर ती सूडाची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकली आहे. दुसरीकडे, हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ३० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मात्र कायदा कोणत्या तारखेपासून लागू होईल, याची अधिसूचना केंद्र सरकारने काढलेली नाही. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव काही विषयांवरील तक्रारींना मनाई करणारे दुरुस्ती विधेयक मे २०१५ मध्ये लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. मूळ कायदा होता तेथेच राहिला. तो उद्या लागू झाला, तरी त्याची कक्षा सरकारी व सार्वजनिक सेवकांच्या गैरकृत्यांपुरती आहे. खासगी मालकाच्या कर्मचाऱ्याला त्याचे छत्र मिळणार नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

राज्यातील सर्वांत ठळक उदाहरण जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे. सिंचन प्रकल्पांची फुगवलेली अंदाजपत्रके, निकृष्ट कामे आणि फसलेल्या उपसा सिंचन योजना यांविषयी त्यांनी २०१२ मध्ये मुख्यमंत्री व राज्यपालांना पत्रे लिहिली. ती प्रसिद्ध होताच राज्याचे राजकारण ढवळून निघाले. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर सरकारने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली, डिसेंबरमध्ये पवार मंत्रिमंडळात परतले आणि पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१९ मध्ये उच्च न्यायालयातील प्रतिज्ञापत्रात पवार यांच्यावर जबाबदारी येत नसल्याचे म्हटले. पांढरे यांनी मात्र मुदतीआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती.

पांढरे मुख्य अभियंता होते. सेवेचा मोठा भाग पूर्ण झालेला, तांत्रिक ज्ञानाचा अधिकार पाठीशी आणि संपूर्ण राज्याचे लक्ष त्यांच्या पत्रांकडे. एवढे असूनही त्यांचे नोकरीतले दिवस लवकर संपले. कनिष्ठ लिपिक किंवा कंत्राटी पर्यवेक्षक यांच्याकडे यातले काहीच नसते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी लोकायुक्त आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग ही दारे उघडी आहेत. लाचेच्या तक्रारीसाठी १०६४ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्याच वेळी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्याच्यावर बंधनेही घालतात. वरिष्ठांना डावलून वृत्तपत्रांकडे गेल्यास मूळ गैरप्रकार बाजूला पडून शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावरच होऊ शकते.

खासगी नोकरीत काय?

२०१३ च्या कंपनी कायद्याने काही कंपन्यांना अंतर्गत दक्षता यंत्रणा उभारणे बंधनकारक केले. शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तीय संस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्या त्यात येतात. कर्मचाऱ्याला सूडापासून संरक्षण द्यावे आणि विशेष प्रसंगी त्याला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता यावे, अशी अपेक्षा आहे.

जयसिंगपूर परिसरातील औद्योगिक वसाहतींमधील लहान कारखाने, दवाखाने, दुकाने आणि शिक्षणसंस्था यांतील बहुतेकांना ही तरतूद लागू होत नाही. सहकारी साखर कारखाने आणि पतसंस्था तर कंपन्याच नव्हेत. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू आहे. या कायद्यात लेखापरीक्षण आहे, निबंधकांमार्फत चौकशी आहे, जबाबदारी निश्चित करून वसुलीही आहे. पण गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोकरीला संरक्षण देणारी स्वतंत्र यंत्रणा नाही. या भागातील हजारो कुटुंबांची पुंजी पतसंस्थांत असताना ही उणीव लहान म्हणता येत नाही.

मोठ्या कंपन्यांचा अनुभवही सावध करणारा आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या एन्रॉन कंपनीच्या अधिकारी शेरॉन वॉटकिन्स यांनी ऑगस्ट २००१ मध्ये हिशेबातील गडबडीबद्दल अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना कामावरून काढल्यास काय कायदेशीर परिणाम होतील, याविषयी कंपनीच्या वकिलांनी मत दिल्याचे पुढे उघड झाले. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने नोंदणीकृत कंपन्यांतील अशा कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला.

रॅनबॅक्सी या औषध कंपनीतील खोट्या चाचणी-नोंदींविरुद्ध उभे राहिलेले दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये राजीनामा दिला आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना माहिती पुरवली. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा मान्य करून ५० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. अमेरिकी कायद्यानुसार ठाकूर यांना त्यातील सुमारे चार कोटी ८६ लाख डॉलर मिळाले. न्याय मिळायला आठ वर्षे लागली आणि तो मिळाला तो परदेशी कायद्याने.

सूड कसा घेतला जातो

लहान शहरात सूडाला गोळी लागत नाही. साखर कारखान्याच्या हंगामी कामगाराला काढून टाकण्याचीही गरज नसते. पुढच्या हंगामाला त्याचे बोलावणे येत नाही, एवढेच. कंत्राटी कर्मचाऱ्याचे कंत्राट वाढत नाही. कायम कर्मचाऱ्याची बदली दूरच्या शाखेत होते, त्याच्याकडचे काम काढून घेतले जाते, जुन्या किरकोळ चुका उकरून आरोपपत्र दिले जाते. निलंबन झाले की सुरुवातीला अर्ध्या पगाराएवढ्या निर्वाह भत्त्यावर घर चालवावे लागते. चौकशी लांबते, तोवर सहकाऱ्यांनी डबा खाताना शेजारी बसणेही सोडलेले असते.

त्याहून कठीण प्रश्न गुप्ततेचा. मुंबईतील दोन हजार कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात तक्रार कोणी केली, याचा अंदाज बांधणे अवघड असते. सात जणांच्या शाखेत नाव सांगावे लागत नाही. तक्रारीतील तपशीलच ते सांगतात. ते कर्जप्रकरण ज्या टेबलावर होते, त्या टेबलावरचा माणूस ठरलेला असतो. शिवाय संस्थेचा संचालक कधी मुलाच्या शाळेच्या विश्वस्त मंडळावर असतो, कधी भावाच्या कर्जाचा जामीनदार असतो, कधी नात्यातलाच असतो. नोकरी गमावल्यावर दुसरी मिळवायची तीही याच परिघात.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने सूडबुद्धीने कामावरून काढणे आणि खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवणे यांना अनुचित कामगार प्रथा मानले आहे. हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा त्यातून वगळला आहे. गैरव्यवहार दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते ती नेमकी याच मधल्या फळीला.

महिलांसाठी वेगळा मार्ग

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांवर २०१३ चा कायदा उभा राहिला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापना असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते आणि नाव प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायदा स्पष्ट सांगतो.

अंमलबजावणी मात्र येथेही ढिली राहिली. गोवा विद्यापीठाशी संबंधित एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी त्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमण्याचे आदेश न्यायालयाला द्यावे लागले.

तक्रार करण्यापूर्वी

संरक्षण तोकडे असले, तरी धोका कमी करता येतो. पहिली गोष्ट कागदाची. काय घडले, कोणत्या तारखेला, कोणासमोर, कोणत्या रकमेचे, याची टाचणे त्याच दिवशी ठेवलेली असली की वर्षभराने उलटतपासणीत ती उपयोगी पडतात. नेमणूकपत्र, पगारपत्रके, कामाबद्दल मिळालेले चांगले शेरे घरी जपून ठेवलेले बरे. कारण तक्रारीनंतर ‘याचे कामच वाईट होते’ हा आरोप सर्वांत आधी येतो. संस्थेची मूळ कागदपत्रे उचलून नेणे मात्र घातक. त्यातून चोरीचा किंवा विश्वासघाताचा गुन्हा उलट दाखल होऊ शकतो. कोणते दप्तर, कोणते पान, हे तक्रारीत नेमके नोंदवणे आणि ते जप्त करण्याची मागणी करणे अधिक सुरक्षित.

दुसरी गोष्ट तक्रार कोणाकडे करायची याची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्हेतूने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. तोच मजकूर व्हॉट्सॲपच्या गटात टाकला की हे कवच उरत नाही. म्हणून वजनाची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे, पतसंस्थेची सहकार खात्याच्या निबंधकांकडे, वेतन व भविष्यनिर्वाह निधीची संबंधित कार्यालयाकडे करावी आणि पोहोच घ्यावी.

तिसरी गोष्ट एकटे न पडण्याची. तिघांच्या सह्यांची तक्रार एकाच्या तक्रारीपेक्षा दडपायला कठीण असते. सभासदांच्या हातून माहिती बाहेर काढणे हाही मार्ग आहे. सहकारी संस्था सर्वसाधारणपणे माहिती अधिकाराच्या थेट कक्षेत येत नाहीत. पण निबंधक कायद्याने जी माहिती संस्थेकडून मिळवू शकतात, ती त्यांच्याकडे मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. सभासदाने तो अर्ज केला, तर कर्मचाऱ्याला पुढे यावेच लागत नाही.

चौथी गोष्ट वकिलाची. तक्रार देण्यापूर्वीचा एक सल्ला निलंबनानंतरच्या दहा फेऱ्या वाचवतो. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने वरच्या न्यायालयाचा रस्ता या भागासाठी जवळ आला आहे. रागाच्या भरात राजीनामा देणे मात्र टाळावे. राजीनामा दिला की सूडाने काढले, हे सिद्ध करणे दुरापास्त होते.

किंमत कोण मोजतो

प्रत्येक तक्रार खरी नसते. बढती हुकल्याचा राग, जुना वैरभाव, गटातटाचे राजकारण यांतूनही अर्ज होतात आणि निरपराध अधिकाऱ्याची वर्षे चौकशीत जातात. म्हणूनच तक्रार तपासणारी निःपक्ष यंत्रणा मालकालाही हवी. अशी यंत्रणा नसली की खरी तक्रारही कुजबुज बनते आणि खोटी कुजबुजही खरी वाटू लागते.

मौनाची किंमत मात्र नेहमी तिसऱ्यालाच मोजावी लागते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एका उद्योगसमूहाची कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती वापरल्याचे उघड झाले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना प्रारंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एवढी खाती एका रात्रीत तयार होत नाहीत. ती वर्षानुवर्षे कोणाच्या तरी डोळ्यांसमोरून जात होती.

जयसिंगपूरच्या काट्यावर, पतसंस्थेच्या काउंटरवर किंवा दवाखान्याच्या नोंदवहीपाशी बसलेल्या माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणे समाजाचा हक्क असेल. पण त्याआधी काही देणेही आहे. २०१४ चा कायदा लागू करणे, सहकारी संस्था व लहान आस्थापनांतील कर्मचाऱ्यांसाठी जिल्हा पातळीवर गुप्त तक्रारीची सोय करणे आणि तक्रारीनंतरच्या कारवाईचा खुलासा मालकाकडून मागणे, एवढे तरी सरकारच्या हातात आहे. तोवर बोलायचे की नाही, हा प्रश्न प्रत्येक कर्मचाऱ्याला घरच्यांशी बसून एकट्यानेच सोडवावा लागणार आहे.